घर चाल

सोमवार, ५ एप्रिल १९९९, धुळे

आले एकदाची धुळ्याला! सकाळी फैजपूरहून निघाले, जळगावला गाडी बदलली, आणि पारोळा सोडलं तसे खिडकीचे गज हाताला चटके द्यायला लागले. पण मन इतकं हलकं होतं की चटकेही बरे वाटले. चोविसाव्या वर्षी पहिली नोकरी, पहिलं परगाव. मावशीने केळीचे वेफर आणि लोणच्याची बरणी पिशवीत अशी कोंबून दिली, जणू धुळ्यात काही मिळतच नाही.

स्टँडवर लोटन नाना स्वतः आले होते, छत्री घेऊन. गणिताचे निवृत्त मास्तर. उंच, जरा वाकलेले, जाड भिंगांचा चष्मा. माझी ट्रंक रिक्षात ठेवून त्यांनी पहिलं वाक्य काय म्हणावं, तर मंदा, दुपारी स्टँडवरून कधी पायी यायचं नाही. रिक्षा सुरू झाल्यावर पुन्हा तेच म्हणाले.

मी शिकवणार तो कॉम्प्युटरचा क्लास त्यांच्या घराच्याच पुढच्या खोलीत आहे. चार कॉम्प्युटर, दोन जुने आणि दोन नवे, चारींवर जुन्या लुगड्याची शिवलेली झाकणं. खिडकीत वाळ्याचा कूलर. मधली भिंत ओलांडली की नाना-अक्कांचं घर, आणि जिन्यावरची छोटी खोली माझी. आधी हा क्लास त्यांची मुलगी कोकिळा चालवायची. गेल्या मे महिन्यात ती वारली. नानांनी हे एका वाक्यात सांगितलं आणि कूलरमध्ये पाणी ओतायला निघून गेले.

अक्का, म्हणजे नानांच्या पत्नी शेवंताबाई, दारातच उभ्या होत्या. माझ्या तोंडावरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "उनी का वं तू? बस, पानी पे." आमच्याकडे 'हाये' म्हणतात, इकडे 'शे'. पण पाणी पे म्हणणारा हात सगळीकडे सारखाच. संध्याकाळी मला ओट्यावर बसवून डोक्याला तेल लावलं. मी सात वर्षांची असताना आई गेली. मावशीने काही कमी केलं नाही, पण तिला तिची चार पोरं. असं कुणी निवांत तेल लावलेलं मला आठवत नाही. डोळे भरून आले, ते अंधारात दिसले नसावेत.

गुरुवार, ८ एप्रिल

आज कोकिळाने केलेला खेळ बघितला. ब्राउझरमध्ये उघडतो. इंटरनेट इथे अजून नावालाच, खेळ आपल्याच डिस्कवरून चालतो. नाव ठेवलंय 'घर चाल', म्हणजे घरी चल.

लाल फ्रॉकची एक मुलगी स्टँडवर उतरते. दुपारची वेळ. तिच्या हातात पेला, पेल्यात वीस घोट पाणी. प्रत्येक वळणावर आपण ठरवायचं. उन्हाचा रस्ता जवळचा, पण एका पावलाला दोन घोट जातात. सावलीचा रस्ता लांबचा, एकच घोट जातो. मध्ये एक पाणपोई. पाणी संपलं की मुलगी खाली बसते आणि चित्र पांढरं होत जातं. शिकता शिकता केलेला खेळ आहे, पण हात चांगला होता तिचा. गल्ल्या ओळखू येतात.

गंमत म्हणजे हा खेळ कुणालाच जिंकता येत नाही. शेवटच्या गल्लीत घराचं दार दिसतं, त्यावर क्लिक केलं की 'पान सापडले नाही' असं येतं. ते शेवटचं पान तिने केलंच नाही.

प्रत्येक कॉम्प्युटरजवळ सुतळीला बांधलेली वही आहे, 'खेळणाऱ्यांचे म्हणणे'. ही पद्धतही तिचीच. नथ्थूभाऊ टाइपरायटर दुरुस्त करतात, आता पोटासाठी हे शिकतायत. त्यांनी लिहिलंय, "एक नंबरच्या मशीनवर चित्र उतरेपर्यंत पेला रिकामा होतो. हा अन्याय आहे." बेबाबाई शाळेत शिक्षिका आहेत. त्यांचं म्हणणं, "सावली-सावलीने गेलं की बहुतेक वेळा दारापर्यंत पोहोचते. मग डोकं कशाला लावायचं? आणि दार उघडत का नाही?"

नानांना विचारलं, मी खेळ नीट करू का? त्यांनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, कर, पण तिच्या आईला विचारू नकोस.

सोमवार, १२ एप्रिल

नथ्थूभाऊंची तक्रार खरी आहे. जुन्या मशीनवर चित्र हळूहळू उतरतं आणि तोवर पाण्याचा हिशेब चालूच. दोन उपाय होते. चित्र पूर्ण दिसल्यावरच पाणी मोजायचं, किंवा चित्रं लहान करायची. मी दोन्ही केले. मुलीचं चित्र अंगठ्याच्या नखाएवढं झालं. चेहरा जाऊन तिथे चार ठिपके उरले, पण आता खेळ झरझर चालतो. काही मिळवायला काही सोडावं लागतं. नथ्थूभाऊ खूश. "अरे वा मॅडम," म्हणाले, आणि सलग अर्धा तास खेळले.

बुधवार, १४ एप्रिल

एक नंबरच्या वहीत नवी ओळ आहे. शाईच्या पेनाने, उजवीकडे झुकलेलं अक्षर.

"माझं तोंड पुसलं."

नाव नाही. नथ्थूभाऊंनी नाही म्हटलं, बेबाबाई दोन दिवस आल्याच नाहीत. कुणीतरी मुलीच्या वतीने थट्टा केली असेल. तरी दुपारी बसून जुनं मोठं चित्र परत लावलं. खेळ पुन्हा हळू झाला. चालेल.

रविवार, १८ एप्रिल

आखाजी. अक्षय्य तृतीयेचे गल्लीत झोके बांधलेत, माहेरवाशिणी गाणी म्हणतायत. घरात मात्र सकाळपासून अबोला. आखाजीला गेलेल्यांच्या नावाने पाण्याची घागर भरतात, वर डांगर, म्हणजे खरबूज, ठेवतात. कोकिळा गेल्यानंतरची ही पहिली आखाजी. नानांनी नवी घागर आणली. अक्कांनी ती उचलून परसात पालथी घातली. म्हणाल्या, "मनी पोर मरेल नही शे. ती वाटवर शे."

दुपारी नानांनी मला सगळं सांगितलं. कोकिळा शिरपूरला मैत्रिणीकडे गेली होती. संध्याकाळच्या गाडीने येणार होती. अक्कांनी शेजारच्या फोनवरून हट्ट धरला, की पहिल्या आंब्यांचा रस केलाय, दुपारी जेवायलाच ये. ती आली. रिक्षा नव्हती म्हणून चालत निघाली. चौथ्या चौकात एका बंद दुकानाच्या पायरीवर बसली. येणारे-जाणारे समजले, सावलीला बसलीय. तासाभराने कुणीतरी ओळखलं.

सांगताना नाना भिंतीकडे बघत होते. शेवटी म्हणाले, ते दाराचं पान तू करच. पोरीला घरात येऊ दे, निदान तिथे तरी.

मंगळवार, २० एप्रिल

दाराचं पान झालं. क्लिक केलं की कडी निघते, दार उघडतं, मुलगी आत जाते, कोनाड्यातला पेला उचलते. साधंच. पहिल्यांदा पोहोचवलं ते नथ्थूभाऊंनी, पावणेतीन वाजता, शेवटचा एक घोट उरलेला. खुर्चीतून उठून टाळ्या वाजवल्या त्यांनी.

तेव्हाच आतून अक्कांची हाक आली. मी धावले. घराचं दार सताड उघडं, उन्हाची पट्टी पार चुलीपर्यंत आलेली. अक्का उंबऱ्याशी बसून हसत होत्या. दाराजवळच्या कोनाड्यात त्या रोज भरलेला पेला ठेवतात. तो रिकामा होता. "उनी व्हती," म्हणाल्या. आली होती, म्हणजे कोकिळा. "पानी पिनी नि गई."

मी त्यांचा हात हातात घेतला. बिचाऱ्या. वर्षभर दाराशी बसलेलं माणूस.

शनिवार, २४ एप्रिल

मी डोळ्यांनी बघितलं. शांतपणे लिहून ठेवते.

पुढे बेबाबाई खेळत होत्या. मी आत अक्कांशेजारी तांदूळ निवडत होते. अडीच वाजून गेले होते. बेबाबाई ओरडल्या, "आली गं बाई, आली!" आणि आमच्या दाराची कडी आपोआप निघाली. दारात कुणी नव्हतं. ऊन होतं फक्त. मग कोनाड्यातल्या पेल्यातलं पाणी खाली जायला लागलं. एकदम नाही. एक घोट. थांबून दुसरा घोट. फार तहानलेला माणूस मध्ये दम खातो, तसं. अक्का हळू आवाजात म्हणत होत्या, "सावकाश पे, मायबाई."

मी पळाले नाही. का नाही पळाले? अक्कांचा चेहरा बघत राहिले. इतका आनंद मी कुणाच्या चेहऱ्यावर बघितला नव्हता.

मंगळवार, २७ एप्रिल

वहीत आता रोज ओळी असतात. आज: "तीनदा पडले. पाणी पुरत नाही."

ज्या दिवशी खेळणारे हरतात त्या दिवशी पेला भरलेलाच राहतो आणि अक्का स्वतः पाण्याचा थेंब घेत नाहीत. ओठ फुटलेत त्यांचे. आज माझ्यापुढे हात जोडले. "बठ्ठा खेळ तुना हातमा शे. तिले पानी वाढाई दे ना."

मी दुपारी स्वतः खेळून बघितलं. मला तर सगळी वळणं पाठ आहेत. सहज दारापर्यंत नेली. दार उघडलं ते फक्त स्क्रीनवर. आत काहीच झालं नाही. संध्याकाळी वहीत ओळ होती, "तुम्ही खेळत नाही. तुम्ही तपासता."

वीसचे तीस घोट केले.

सोमवार, ३ मे

तीस घोट चुकले. आता मुलगी कशीही चालवली तरी पोहोचते. नथ्थूभाऊ गप्पा मारता मारता, स्क्रीनकडे न बघता तिला घरी नेतात आणि जांभई देतात. वहीत त्यांनी लिहिलं, "मॅडम, मजा गेली." बेबाबाईंनी पत्त्यांचा खेळ उघडला.

आणि पेला? चार दिवस भरलेला. मुलगी स्क्रीनवर रोज घरी येते, खरी येत नाही.

कळलं मला. खेळणाऱ्याचा जीव वरखाली झाला पाहिजे. ती पडेल की काय, अशी भीती ज्याला वाटते त्याच्याच हातून ती येते. सोपं केलं तर कुणाला भीती वाटत नाही. अवघड केलं तर ती उन्हात पडते. मधला आकडा कुठेतरी आहे, तो मला शोधायचाय. शाळेत नानांनी कुणाला असलं गणित घातलं नसेल.

गुरुवार, ६ मे

सापडला. बावीस घोट. आणि सावली आता एका जागी राहत नाही, वेळेप्रमाणे सरकते. पाणपोई चौथ्या चौकात नेऊन ठेवली, तिची जास्त गरज आहे तिथेच. बेबाबाई दोनदा हरल्या, तिसऱ्यांदा पोहोचल्या तेव्हा त्यांच्या कपाळावर घाम होता. पेला रिकामा.

वहीत: "आता बरं आहे."

बारीकसं, झुकलेलं अक्षर. मला कुणी शाबासकी दिल्यासारखं वाटलं. कुणी दिली, हे मनात आणलं नाही.

मंगळवार, ११ मे

रोज येते. सहा दिवस झाले.

अक्का आता मला दुपारी आत येऊ देत नाहीत. ती लाजते म्हणतात. संध्याकाळीही दाराशीच बसलेल्या असतात, तिच्याशी काय काय बोलत. आज न्हाऊन केस मोकळे सोडून मी ओट्यावर जाऊन बसले. बराच वेळ बसले. त्यांनी बघितलंसुद्धा नाही. हाक मारली तर म्हणाल्या, "कोन? कोकिळा?" मी मंदा म्हटल्यावर चेहरा पडला त्यांचा.

त्या किती वाळल्यात. हात धरला तर पापडासारखा लागला. पाणी तिच्यासाठी ठेवतात सगळं. नाना बोलतात, त्या ऐकत नाहीत.

हे मी अक्कांच्या काळजीने लिहिते आहे. बहुतेक.

गुरुवार, १३ मे

बेबाबाईंनी वहीत लिहिलं, "आता सवय झाली. पाणपोई काढून टाका, मग बघू."

खेळणाऱ्यांचं म्हणणं आहे. वही त्यासाठीच आहे. पाणपोई काढली.

शुक्रवार, १४ मे

आज एकदाही पोहोचली नाही. पेला भरलेला. अक्का रडल्या. मी त्यांना जवळ घेतलं. त्यांनी माझ्या खांद्यावर डोकं टेकलं. किती दिवसांनी.

वहीत काही नाही.

पाणपोई उद्या परत ठेवीन. किंवा परवा.

शनिवार, १५ मे

पारा पंचेचाळीसवर. दुपारपासून नथ्थूभाऊ खेळतायत, चिडून, पुन्हा पुन्हा. अकरा वेळा पडली. प्रत्येक वेळी चौथ्या चौकात. पाणपोई जिथे होती तिथेच.

अकराव्यांदा पडली तेव्हा आतून भांड्याचा आवाज आला. मला वाटलं मांजर. मी उठले नाही.

चार वाजता नाना विचारत आले, ही कुठे गेली?

अक्का सापडल्या. त्याच पायरीवर. हातात पितळी कळशी, काठोकाठ भरलेली. सांडली नव्हती. स्वतः एक घोटही घेतला नव्हता.

लोकांना वाटलं, सावलीला बसल्यात.

सोमवार, १७ मे

काल अग्नी दिला. घरात बायका होत्या, आज त्याही गेल्या.

लिहायलाच हवं. बेबाबाईंचा काही दोष नाही. त्यांनी सहज लिहिलं होतं. एरवी मी ते हसून सोडून दिलं असतं. बावीसचा आकडा बरोबर होता, मला माहीत होतं. ती आली नाही तर अक्का माझ्याजवळ येतील, म्हणून मी पाणपोई काढली. कोकिळाचं पाणी मी तोडलं. एवढंच खरं आहे.

आई मला नव्हती आणि त्यांना मुलगी नव्हती. थोडी कळ काढली असती तर दोघींना पुरल्या असत्या त्या.

बुधवार, १९ मे

क्लास बंद आहे. तरी चारही झाकणं काढलेली होती. एक नंबर सुरू.

स्टँडवर दोघी उभ्या. लाल फ्रॉकची मुलगी आणि तिच्याशेजारी डोक्यावर पदर घेतलेली बाई. हे चित्र मी काढलेलं नाही. डिस्कवर शोधलं, अशी फाइलच नाही.

पेला मात्र एकच.

वहीत: "आई भेटली. आता दोघींना पाणी." आणि खाली अंगठ्याचा ठसा. ओला. अक्कांना लिहिता येत नव्हतं.

शुक्रवार, २१ मे

नानांना सगळं सांगितलं. पाणपोईचंही. ते मारतील, हाकलून देतील, असं वाटलं होतं. ते म्हणाले, वही मी पहिल्या दिवसापासून वाचतोय. पाचवीपासून ते अक्षर मीच घटवून घेतलं होतं, मला कळणार नाही?

म्हटलं, मग मला थांबवलं का नाही?

म्हणाले, "मीही दार उघडायची वाट बघत होतो, मंदा. तू एकटीच दोषी नाहीस."

मी म्हटलं खेळ पुसून टाकते. तेव्हा मात्र त्यांनी माझे हात धरले. पोरीला एकदा उन्हात सोडलं, म्हणाले. आता दोघींना सोडू?

पाणपोई परत ठेवली. बावीसचे चव्वेचाळीस घोट केले, दोघींसाठी. दुसरं काय करणार होते?

शनिवार, २२ मे

गावी जायला निघाले. ट्रंक भरली. नाना एकटे. मी जिन्यावरून परत वर आले.

कोनाड्यात पेला भरून ठेवते रोज. तसाच राहतो. खेळणारं कुणी नाही. नथ्थूभाऊ येऊन गेले, खेळाकडे बघवत नाही म्हणाले.

वहीत फक्त ठसे. आज नऊ. कोरडे होत चाललेत — शेवटचा दिसतही नाही नीट.

रविवार, २३ मे

नाना खेळायला बसले. आयुष्यात माऊस धरला नव्हता. मोतीबिंदू आहे, स्क्रीनवरचं उजवं-डावं नीट दिसत नाही. तीनदा हरले. प्रत्येक वेळी दोघी खाली बसल्या तसे तोंड झाकून रडले.

यांच्याइतका जीव टांगणीला लावून कुणी खेळलेलं नाही. यांच्या हातून येतील त्या — आणि येतील तेव्हा —

अक्का पाणी पाजत पाजत वाळून गेल्या. आता तिथे दोघी आहेत. नानांच्या अंगात किती घोट असतील?

सोमवार, २४ मे, दुपार

मागच्या बाकावर बसून लिहितेय. नाना खेळतायत. दोन चाळीस.

चौथा चौक आला. बसल्या नाहीत. पाणपोई लागली.

एकदा मी उठून बटणापाशी गेले. वीज बंद केली की संपलं. नानांनी वळूनही न बघता सांगितलं, "हात लावू नकोस, पोरी."

मला पोरी म्हणाले.

शेवटची गल्ली. तीन घोट. मला विचारतायत डावीकडे की उजवीकडे. मला माहीत आहे. सांगितलं तर येतील. नाही सांगितलं तर पुन्हा उन्हात — मी एकदा पाणी तोडलंय —

डावीकडे म्हटलं.

आल्या. दाराशी उभ्या आहेत. स्क्रीनवर. नाना क्लिक करत नाहीत. उठले. चपला न घालताच आत चाललेत, खऱ्या दाराकडे —

हात धरला मी. म्हणाले, सोड गं, उन्हात उभ्या आहेत दोघी.

कडी काढतायत. मी उंबऱ्याशी आहे, वहीवरून नजर वर करायची नाही मला. दार उघडलं. पानावर ऊन आलं. नाना हसले — काहीतरी बोलतायत — किती वाळलीस म्हणाले —

कोनाड्यातला पेला मी डाव्या हातात धरलाय. तो हलका होतोय —

संपला. आणि बाहेरून कुणीतरी विचारतंय, हळू, अहिराणीत, मंदा कोठे शे —

नाना, सांगू नका. नाना, सांगू न